कल्याणपलीकडचे विद्यार्थी : यशाच्या काही अलिखित अटी

मुंबईहून निघालेले रूळ १८५४ साली कल्याणला पोहोचले आणि १८५६ साली अंबरनाथ, बदलापूर मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी गेले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५७ साली झाली. आगगाडी आणि पदवी या एकोणिसाव्या शतकातल्या दोन मोठ्या गोष्टी आपल्या या पट्ट्याच्या दाराशी अशा एका वर्षाच्या अंतराने येऊन ठेपल्या. प्रत्यक्षात गाडी गावात थांबू लागली, पदवी मात्र गावावरून पुढे निघून गेली. उल्हासनगरचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ मधले, ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालय १९६९ मधले, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मधले. म्हणजे रूळ आल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे इथल्या ज्या मुलाला शिकायचे होते, त्याला आधी गाडी पकडायला शिकावे लागले.

हे वाक्य मी केवळ चमत्कृतीसाठी लिहिलेले नाही. महाविद्यालयात टिकून राहण्यासाठी आणि तिथून काही मिळवून बाहेर पडण्यासाठी पुस्तकी अभ्यासाखेरीज ज्या गोष्टी लागतात, त्यांचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. वेळ सांभाळणे, अडल्यावर विचारणे, पैशांचा हिशोब ठेवणे, कष्टाची लाज न वाटणे, एकट्याने न झुरता सोबत धरणे, अपयशानंतर पुन्हा बसणे या त्या गोष्टी. आजच्या भाषेत त्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कौशल्यांच्या आणि मूल्यांच्या अभ्यासक्रमांना श्रेयांकही मिळू लागले आहेत. या साऱ्या चर्चेत एक गृहीतक मात्र न तपासता राहते. ते असे की हे गुण ज्याच्या त्याच्या स्वभावात असतात. ज्याच्यापाशी आहेत तो तरतो आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याने ते कमवावेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांच्या निमित्ताने हे गृहीतक इतिहासाच्या उजेडात धरून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब विद्यार्थ्याचे चित्र आपल्या मनात ठसलेले आहे. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडहून परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, ही हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. आपण ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती जिद्दीची आहेच. पण ती दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. मुलाची तयारी पूर्ण होती. जे आडवे आले त्याचा अभ्यासाशी काही संबंध नव्हता. परीक्षेपर्यंत पोहोचणे, कचेरीत उभे राहणे, आपले म्हणणे पटवून देणे ही वेगळीच परीक्षा होती आणि तिचा अभ्यासक्रम कोणी छापलेला नव्हता.

त्या काळी पुण्यासारख्या गावात माधुकरी आणि वार लावून जेवणे या रूढी होत्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे आठवड्याचे जेवण लावून कितीतरी मुले शिकली. या मुलांच्या स्वावलंबनाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या स्वावलंबनामागे सात घरांची चूल होती. शिवाय ती चूल जात पाहून पेटत होती. वार लावण्याची सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांना होती. इतरांच्या मुलाने कितीही जिद्द धरली तरी त्याच्यासाठी मंगळवारचे घर नव्हते. म्हणूनच शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या वसतिगृहांचे महत्त्व केवळ राहण्याजेवण्याच्या सोयीपुरते नाही. जे एका जातीला रूढीने मिळत होते, ते इतरांसाठी संस्था उभारून मिळवावे लागले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभारले. त्यांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आता सरकारी योजनांच्या नावांत विरघळून गेली असली, तरी मुळात ती वृत्ती घडवण्याची रीत होती. जो मुलगा सकाळी शेतात राबतो तो दुपारी वर्गात बसताना स्वतःला उपकृत समजत नाही, हे त्या रीतीचे मर्म होते.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. मे १९२७ मध्ये बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. या प्रसंगाची नोंद सामाजिक इतिहासात घेतली जाते, ती योग्यच आहे. मला मात्र त्या वेळच्या त्यांच्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या कामाची आठवण होते. १९२४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले आणि तरुणांसाठी हॉकीचा संघही काढला. वसतिगृह, मासिक, वाचनालय, हॉकी. या यादीत पाठ्यपुस्तक कुठेही नाही. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून आलेल्या त्या माणसाला हे नेमके ठाऊक होते की पदवी मिळवायला बुद्धीइतकीच अभ्यासाची जागा, बोलण्याची सवय, लिहायला पान आणि वेळ घालवायला चांगली संगत लागते.

१९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी भरवण्यात आले, कारण येणाऱ्यांपैकी अनेकांना दिवसा नोकरी करायची होती. वेळापत्रकातला हा छोटासा फरक किती दूरगामी होता, हे ज्याने नोकरी सांभाळून शिक्षण घेतले त्यालाच कळेल. एरवी ज्या मुलाबद्दल ‘त्याला शिक्षणात रस नाही’ असे म्हटले गेले असते, तोच मुलगा वर्ग सात वाजता भरताच नियमित ठरला. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. नागसेन भिक्षूला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा आणि शेवटी समाधान झाल्यावर हार मान्य करणारा तो ग्रीक राजा. विचारायला न भिणे आणि पटल्यावर मागे हटायला न लाजणे, या दोन्ही वृत्ती त्या एका नावात आहेत. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट विचारणे ही असते. आपला प्रश्न हसण्याजोगा ठरेल, या भीतीने तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे आपण मठ्ठपणाच्या खात्यात टाकतो.

बदलापुरातला तो उत्सव झाला त्यानंतर वीस वर्षांनी याच मार्गावर, कल्याणच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या एका लष्करी छावणीत, देशातल्या शिक्षणाच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जागा देण्यात आली. पाच कॅम्पांत मिळून लाखाच्या घरात माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प मात्र तोंडातून गेला नाही. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच म्हणतात.

या लोकांनी जमीन, घर, दुकान सारे मागे टाकले होते. सोबत आणता आले ते दोन गोष्टींत सांगता येईल. सिंधी हिंदूंमधल्या आमिलांकडे शिक्षणाची आणि सरकारी लेखणीची जुनी परंपरा होती. भाईबंदांकडे व्यापाराची, दूरदेशी जाऊन पेढ्या चालवण्याची. हिशोबासाठी व्यापाऱ्यांची स्वतंत्र लिपी असावी, इतका तो व्यवहार मुरलेला होता. ही शिदोरी कोणत्याही शाळेच्या दाखल्यावर लिहिली जात नाही, आणि सीमेवर कोणी ती काढूनही घेऊ शकत नाही. बराकीत पडदे लावून संसार मांडलेल्या घरांत बायका पापड लाटत होत्या, मुले लोकलच्या डब्यांतून गोळ्या, पापड, किरकोळ वस्तू विकत होती. पुढे या गावाच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद रूढ झाला. आपण सगळेच त्यावर हसलो आहोत. पण त्या हसण्यात एक तुच्छता दडलेली होती, हे मान्य करायला हवे. विकणे, हिशोब करणे, गिऱ्हाइकाशी दोन-तीन भाषांत बोलणे ही कौशल्ये आपल्या पांढरपेशा मराठी मनाला विद्येच्या दर्जाची कधीच वाटली नाहीत. डब्यात पन्नास अनोळखी माणसांसमोर उभे राहून आवाज लावणाऱ्या मुलाला तोंडी परीक्षेची भीती काय वाटणार?

एवढ्यावर थांबलो तर मीही ज्या चुकीविरुद्ध लिहितो आहे तीच करीन. उद्यमशीलता सिंधी रक्तातच असते, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही आहे. या मुलांना महाविद्यालयापर्यंत नेणारी माणसे आणि संस्था होत्या. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या अध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय काढले. हैदराबाद-सिंधच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन केले. त्याच वर्षी वांद्र्याला नॅशनल कॉलेज आणि १९५४ मध्ये चर्चगेटला के. सी. कॉलेज उभे राहिले. उल्हासनगरचे चांदीबाई महाविद्यालयही त्याच मंडळाचे. निर्वासित प्राचार्याने निर्वासित विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या संस्थेत एक गोष्ट आपोआप घडते. तिथे मुलाला आपली परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. फी उशिरा का भरली, वही का नाही, दाखला का हरवला, या प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याला आधीच माहीत असतात. सिंधी लेखिका पोपटी हिरानंदानी यांनीही फाळणीत घर गमावले होते आणि के. सी. कॉलेजात अध्यापन केले. अशा शिक्षकासमोर बसलेल्या मुलाला धीर धरण्यावर वेगळे व्याख्यान ऐकवण्याची गरज नसते. वर्गात उभी असलेली व्यक्तीच ते व्याख्यान असते.

भाषेचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. सिंधी अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद दीर्घकाळ चालला. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ मध्ये. घरी सिंधी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी चार भाषांची कसरत उल्हासनगरच्या विद्यार्थ्याने रोज केली. साहित्याच्या शिक्षकांनी याचे दोन्ही पैलू पाहायला हवेत. या कसरतीने मुले चतुर झाली. आणि याच कसरतीत पुढच्या पिढ्यांच्या हातून स्वतःची लिपी, स्वतःचे साहित्य निसटू लागले. जुळवून घेण्याचा गुण फुकट मिळत नाही.

उल्हासनगरच्या पुढच्या स्थानकाची कथा वेगळी आहे. अंबरनाथ ही कारखान्यांची वस्ती. विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आधीचा. स्वातंत्र्यानंतर आयुधनिर्माणी आणि यंत्रसामग्रीचे कारखाने आले, औद्योगिक वसाहत वाढली. इथल्या विद्यार्थ्याच्या घरी दिवस भोंग्यावर चालत असे. बाप रात्रपाळी करून सकाळी झोपलेला, खोली एकच, म्हणजे मुलाने आवाज न करता वाचायला शिकायचे किंवा घराबाहेर जागा शोधायची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानंतर कारखान्यांतल्या ‘अ‍ॅप्रेंटिस’ मुलांची पिढीच तयार झाली. हत्यार जागेवर ठेवणे, माप दोनदा घेणे, चुकल्यास वरच्याला लगेच सांगणे ही तिथली शिस्त. ज्यांनी त्या वाटेने पुढे पदविका किंवा पदवी घेतली, त्यांना अभ्यासाची पद्धत वेगळी शिकवावी लागली नसणार. ती त्यांच्या हातात होती.

बदलापूर हे घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बदलली ती माणसांची वस्ती. १९८२ चा गिरणी संप, गिरणगावाची पडझड आणि मुंबईतल्या जागांचे भाव यांमुळे मराठी कुटुंबे रुळांच्या कडेने सरकत डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशी बाहेर आली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांच्या वर, अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास आणि कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास गेलेले दिसते. मुंबईतल्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या बदलापूरच्या मुलाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे अडुसष्ट किलोमीटर पडते, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास. कल्याणच्या पुढे या दिशेला दीर्घकाळ दोनच मार्ग होते. लोकल, मेल, मालगाडी सगळे त्यांवरूनच. एक गाडी चुकली की पहिला तास गेला, आणि पहिले तास चुकत गेले की हजेरी गेली.

या प्रवासाने काय शिकवले? सवलतीच्या पासाचा अर्ज हा बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला सरकारी कागद. तो कुठून घ्यायचा, शिक्का कुणाचा लागतो, कार्यालय किती वाजता बंद होते हे ज्याला पहिल्या आठवड्यात कळले, त्याला पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पुनर्मूल्यांकनाची मुदतही कळली. डब्यातल्या ठरलेल्या कोपऱ्यात ठरलेली मंडळी असत; त्यांत बँकेतले काका, शाळेतल्या बाई, परीक्षा देऊन नोकरीला लागलेला दादा. कोणती जाहिरात आली, कोणता अभ्यासक्रम घ्यावा, मुलाखतीला काय विचारतात ही माहिती घरात नसलेल्या मुलाला त्या कोपऱ्यात मिळाली. उभ्याने वाचण्याची, गोंगाटात लक्ष एकाग्र करण्याची सवय लागली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे; घरी जागा नसलेल्यांना अशा वाचनालयांचा आणि अभ्यासिकांचा आधार होता.

मुलींचा हिशोब निराळा होता. मुलाच्या बाबतीत प्रश्न सकाळच्या गाडीचा, मुलीच्या बाबतीत संध्याकाळच्या. अंधार पडायच्या आत घरी येता येईल का, यावर तिचा विषय ठरत असे, महाविद्यालय ठरत असे, पुष्कळदा शिक्षणच ठरत असे. गावातच महाविद्यालय झाल्याने सर्वांत मोठा फरक कुणाला पडला असेल, तर तो मुलींना. १९९२ मध्ये मुंबईत महिला विशेष गाड्या सुरू झाल्या, त्यांचीही गणना मी शिक्षणाच्या इतिहासात करीन. आधी जिला घाबरट म्हटले गेले, ती गाडीची सोय होताच धीट झाली. मग तो धीटपणा तिच्या स्वभावात नव्हता, असे म्हणायचे काय?

फ्रान्समध्ये १९६४ साली पिएर बूर्दिय आणि झाँ-क्लोद पासराँ यांनी ‘वारसदार’ या नावाचे पुस्तक लिहिले. विद्यापीठ ज्याला प्रतिभा म्हणून गौरवते त्यातला बराच भाग घरातून वारशाने आलेल्या सवयींचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अलीकडे अमेरिकेतून ‘ग्रिट’ म्हणजे चिवटपणाचा सिद्धांत आला. तो सांगतो की यशाचे रहस्य दीर्घकाळ टिकणाऱ्या जिद्दीत आहे. आपल्या या तीन गावांचा अनुभव दोन्ही मतांना एक पुस्ती जोडतो. सवयी वारशाने येतात हे खरे, पण वारसा घराचाच असावा लागतो असे नाही. वसतिगृह, वाचनालय, सकाळचे कॉलेज, कारखान्यातला उस्ताद, गाडीतला कोपरा हेही वारसा देतात. आणि चिवटपणा हवा हे खरे, पण चिवटपणा कशाला तरी धरून असतो. धरायला काहीच नसेल तर चिवट माणूसही वाहून जातो. जे वाहून गेले त्यांची आत्मचरित्रे निघत नाहीत, म्हणून जिद्दीच्या गोष्टी आपल्याला इतक्या निर्विवाद वाटतात. आपल्या दलित आत्मकथनांत वसतिगृह पुन्हा पुन्हा येते. त्याचे कारणही हेच असावे.

आपण शिक्षक मंडळी या इतिहासाचे वाचक आहोत, तसे त्याचे भागीदारही आहोत. पहिल्या तासाला रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या मुलाला आपण बेशिस्त म्हणतो. तो कुठून येतो, कोणत्या गाडीने येतो, हे विचारायला तेवढाही वेळ लागत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे ते विचारले नाही, हे इथे कबूल करतो. वर्गात कधीच प्रश्न न विचारणारी एक मुलगी वर्षअखेरीस म्हणाली, ‘‘सर, विचारलेलं चालतं हे मला माहीत नव्हतं.’’ व्यक्तिमत्त्व विकासाचे श्रेयांक तिला मिळाले होते. विचारलेले चालते, हे सांगायचे मात्र सर्वांकडूनच राहून गेले होते.

सकाळी बदलापूरच्या फलाटावर आजही पाठीला पिशव्या लावलेली मुले उभी असतात. त्यांना चिकाटी शिकवण्यापूर्वी आपण त्यांच्यासाठी काय उभे केले आहे, हा प्रश्न शाहू महाराजांनी, भाऊरावांनी, बाबासाहेबांनी, कुंदनानींनी आपापल्या काळी स्वतःला विचारला होता. तो प्रश्न आता आपल्या पाळीला आला आहे.